सव्वाआठ फूट

आमच्या गावचा नकाशा मी पहिल्यांदा नीट बघितला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी. सातबारा किती वेळा काढला त्याला गणती नाही. सोसायटीच्या कर्जाला सातबारा, विहिरीला सातबारा, पोराच्या दाखल्याला सातबारा. पण नकाशा कधी मागितला नव्हता. ज्या रानात जन्म गेला, त्याचा नकाशा काय बघायचा, असं वाटायचं.

त्या नकाशावर दोन तुटक रेघा शेजारी शेजारी गेलेल्या असल्या की ती गाडीवाट. एकच तुटक रेघ असली की ती पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ. कार्यालयातल्या माणसानं मला हे समजावून सांगितलं आणि माझ्या गटावर बोट ठेवलं. वरच्या वाडीकडनं निघालेली एक तुटक रेघ माझ्या रानातनं सरळ खाली गिरवीच्या रस्त्याला लागत होती. रानात मात्र तिथं वाट नव्हती. अठरा वर्षांपूर्वी मीच ती मोडली होती.

ती कशी मोडली आणि पुढं काय झालं, ते सांगायचं आहे. पण त्याआधी वाटांनी मला काय काय दिलं ते सांगतो. नाहीतर गेलं काय, ते कळायचं नाही.

फलटण म्हटलं की लोकांना राजवाडा, राममंदिर आणि ऊस आठवतो. ते खालच्या अंगाचं फलटण. नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथवर पोचलं, तिथवर हिरवं. आमची वस्ती वरच्या अंगाला, गिरवीच्या पुढं, महादेवाच्या डोंगररांगेच्या पायथ्याला. मान वर केली की वारुगड दिसतो. "कालवा आपल्या खालनं जातो आन् ढग वरनं जात्यात," असं आबा म्हणायचे. आमचं पीक म्हणजे बाजरी, हुलगा, मटकी, आणि विहिरीला पाणी असलं तर थोडा शाळू.

१९७२ च्या जूनमध्ये मला आठवीला फलटणला मुधोजी हायस्कूलमध्ये घातलं. आबांचा हट्ट. ते वर्ष दुष्काळाचं. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची, ती पदराला बांधून घरी आणायची. मी पहाटे उठून चालायला लागायचो. तीन-चार कोस जायचं, तेवढंच यायचं. पायात काही नाही. पहिल्या महिन्यात सराट्यांनी तळवे फोडले, नंतर तळवेच असे निबर झाले की सराटाच मोडायचा.

पहिले चार दिवस आबा सोबत आले. त्यांनी वाटेचे दोन नियम सांगितले. एक, उभ्या पिकातनं वाट गेली असली तरी वाट सोडून पाय टाकायचा नाही. दुसरा, वाटेत दगड आडवा दिसला तर तो बाजूला केल्याशिवाय पुढं जायचं नाही. "तुज्या मागनं डोक्यावर हारा घिऊन बाई येनार हाय. तिला खाली बघता येत न्हाय," असं ते म्हणाले होते.

त्या वाटेला सगळीकडं नावं होती. चिंचेची वाट, म्हसोबाची वाट, वड्यातली वाट. नावं सरकारनं दिली नव्हती, पायांनी दिली होती. आणि एक गोष्ट तेव्हा रोज बघत होतो, पण तिचं मोल कळत नव्हतं. वाट ज्याच्या रानातनं जायची, तो मालक नांगरट करताना वाटेवरनंही नांगर घालायचा. ढेकळात वाट पुसून जायची. मग माणसं त्याच ओळीनं ढेकळं तुडवत चालायची आणि चार दिवसांत वाट पुन्हा उमटायची. मालक नांगरायचा, माणसं चालायची, आणि दोघांत भांडण नसायचं. म्हणजे नांगरानं वाट मरत नाही. वाट मारायला दुसरं काहीतरी लागतं.

चैत्रात आबा मला शिंगणापूरला घेऊन गेले. फलटणातनं जावलीवरनं कोथळ्याला जायचं आणि तिथनं मुंगी घाट चढायचा. चैत्र शुद्ध द्वादशीला कावडी त्याच घाटानं वर जातात. सासवडच्या तेल्या भुत्याची कावड मानाची. ज्या कड्यावरनं नुसतं माणूस चढताना घसरतं, तिथनं पाण्यानं भरलेल्या कावडी दोर लावून, माणसांची साखळी करून वर ओढतात. जवळच दुसरा सोपा रस्ता असतानाही. मी आबांना विचारलं, "त्या रस्त्यानं का न्हाय न्हेत?" आबा म्हणाले, "ह्या वाटंनं एकमेकाचा हात धरावा लागतो. त्या रस्त्यानं कोन कुनाचा हात धरनार?" त्या वयात मला ते एवढंच कळलं की वर गेल्यावर आबांच्या तळहाताची साल निघाली होती.

नववीला सायकल आली. जुनी, चोवीस इंची, सीट फाटलेलं, त्यावर आईनं गोणपाटाचा तुकडा शिवला. सुरुवातीला मधल्या नळीतनं पाय घालून हाफ पेडल मारायचो. सायकलीनं वाट बदलली. चालताना वाट म्हणजे बांध, काटा, सावली, कुणाच्या विहिरीवर पाणी प्यायचं ते ठिकाण. सायकलीवर वाट म्हणजे फक्त चढ, उतार आणि वाळू. बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या असायच्या आणि त्यांच्या मधल्या उंच पट्टीवरनं सायकल न्यावी लागायची. जरा हँडल हललं की चाक चाकोरीत आणि आम्ही धुळीत. पुढं दहावीच्या पुस्तकात 'चाकोरीबद्ध जीवन' असे शब्द आले, तेव्हा मला एकट्यालाच वर्गात हसू आलं. गुडघ्यावर तिचे वण होते.

सायकलीनं काही हिरावून घेतलं, काही दिलं. कालवा पहिल्यांदा बघितला तो सायकलीवरनं. रविवारी कालव्याच्या भरावावरनं साखरवाडीच्या अंगाला जायचो. एकीकडं काठोकाठ पाणी, दुसरीकडं ऊस. सपाट रस्ता, पेडल मारायचीसुद्धा गरज वाटायची नाही. भाटघरच्या धरणातलं पाणी एवढ्या लांब येतं आणि आमच्या वस्तीखालनं निघून जातं, हे मला त्या भरावावर उमगलं. दहावीचं गणित चांगलं जमत होतं, तरी हे गणित काही सुटलं नाही.

दहा अधिक दोनचा नवा अभ्यासक्रम आला, त्याची पहिली दहावी १९७५ ची. त्यात मी होतो. पास झालो. पुढं शिकायला पैसे नव्हते. त्याच सायकलीच्या कॅरेजला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या अडकवल्या आणि वस्तीवरचं दूध गिरवीला घालायला लागलो. बाभळीचे काटे रोजचे. कानस, सोल्युशन आणि जुन्या ट्यूबचे तुकडे खिशातच असायचे. पंक्चर काढायला मला अजून दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ह्या गोष्टीचा पुढं संबंध येणार आहे.

घोड्याचं सांगायचं तर मी घोडा पहिल्यांदा जवळनं बघितला तो चांदोबाच्या लिंबाला. माउलींची पालखी लोणंद सोडून तरडगावकडं येते, तेव्हा तिथं वाटेतलं पहिलं उभं रिंगण होतं. दोन घोडे असतात, अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे. एकावर झेंडा घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही. तो माउलींचा. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधनं ते दौडत गेले आणि क्षणात सगळे लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. मी आबांच्या खांद्यावर होतो. मला वाटलं, मोकळा घोडा कुणी धरला नसतानाही वाट सोडून गेला कसा नाही?

ह्याचं उत्तर मिळायला पुढं बरीच वर्षं गेली. आमच्या रानात दरसाल मेंढरांचा वाडा बसायचा. दिवाळी झाली की हे धनगर कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. आम्ही खतासाठी चार रात्री मेंढरं बसवून घ्यायचो आणि बदल्यात धान्य द्यायचो. त्यांच्याबरोबर दोन-तीन घोड्या असायच्या. पाठीवर सगळा संसार: जाळी, भांडी, कोकरं, कधी लहान पोर. १९७९ च्या उन्हाळ्यात वाड्यावरच्या धनगरमामांना वारुगडाच्या माचीवर सोयऱ्याकडं निरोप धाडायचा होता आणि त्यांचा पाय मुरगळला होता. मी म्हणालो, "मी जातो." ते म्हणाले, "घोडी घिऊन जा. तिला वाट ठावं हाय, तुला न्हाय."

मला राग आला. जाधववाडीकडनं माचीवर मी दहा वेळा तरी चढलो होतो. पण घोडीवर बसलो आणि अर्ध्या तासात कळलं की मामा खरं बोलले होते. माणसाची वाट छातीवर चढते, कमी पावलांत वर पोचायचं बघते. घोडी तिकडं वळलीच नाही. तिनं कडेकडेनं लांबचा वळसा घेतला, परत उलटी वळली. मी टाच मारली तर कान मागं पाडून उभी राहिली. शेवटी लगाम सैल सोडला. मग लक्षात आलं की ती जिथं वळते, तिथं थोडी सपाट जागा आहे, आणि गवत बाजूला केलं तर खाली रचलेले दगड आहेत. गडावर कधीकाळी ओझ्याची जनावरं जात असणार, त्यांच्यासाठी कुणीतरी चढ मोजून ती वाट बांधली होती. एवढी वर्षं मी तिच्याशेजारनं चढलो आणि मला ती दिसली नाही. घोडीला दिसली. उतरताना मामांनी सांगितल्याप्रमाणे मी खाली उतरून पुढं चाललो. उतारावर घोड्यावर बसू नये, त्याच्या खांद्यावर भार येतो.

संध्याकाळी मामांना म्हणालो, "वाट लई शानी हाय घोडीची." ते म्हणाले, "तिच्या आयनं दावली तिला. आन् तिच्या आयला माज्या बापानं."

आता मोडलेल्या वाटेचं.

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कोरडवाहू माणसाला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याही रानात काहीतरी उभं राहील. १९९३ ला मी 'गणेश' डाळिंब लावलं. विहीर खोल केली, ठिबक टाकलं. रानाच्या मधनं वरच्या वाडीची पायवाट जात होती. वाट ठेवली तर दोन ओळी कमी बसणार, ठिबकच्या नळ्या तुडवल्या जाणार, फळं आली की हात लागणार. मी हिशेब केला आणि वाट नांगरली. पण मला माहीत होतं, नांगरानं वाट मरत नाही. म्हणून वर आणि खाली चार पदरी काटेरी तार ठोकली.

घरच्यांनी सांगितलं होतं, "वाट आडवू नगा. आपल्या लग्नाचं वऱ्हाड त्याच वाटंनं आलंय." मी ऐकलं नाही.

वरच्या वाडीचे अण्णा दुसऱ्या दिवशी आले. तारेच्या पलीकडं उभे राहिले.

"वाट मोडलीस व्हय रं?"

"अण्णा, वड्याकडनं हाय की वाट. गाडी बी जाती."

"पावसाळ्यात?"

एवढंच म्हणाले आणि परत गेले.

वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडं दाद मागता येते. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे मला एका जाणत्या माणसानं सांगितलं होतं. अण्णांना ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी मात्र मनातल्या मनात महिने मोजले. सहावा महिना सरला, त्या दिवशी मला बरं वाटलं. आज हे लिहिताना हात जड होतो, पण बरं वाटलं होतं हे खरं आहे.

१९९६ च्या पावसाळ्यात, गणपतीच्या दिवसांत, एका रात्री जोराचा पाऊस झाला. अकराचा सुमार असेल. मी पडवीत होतो. बागेच्या वरच्या तारेपाशी कंदिलाचा उजेड आला. थांबला. दोन-तीन माणसांची हालचाल दिसली. मग उजेड वड्याकडं वळला. मला वाटलं, डुकरं हाकायला कुणी आलं असेल. मी कूस बदलली.

सकाळी कळलं. अण्णांची सून अडली होती. बाजेवर निजवून चौघांनी आणली होती. तारेतनं बाज निघण्यासारखी नव्हती. वड्याला पाणी होतं, म्हणून वरनं लांबचा फेरा घेतला. गिरवीचा रस्ता गाठायच्या आतच म्हसोबाच्या लिंबाखाली बाळंत झाली, पावसात, घोंगडीच्या आडोशाला. दोघी वाचल्या. मुलगी झाली.

त्यांनी हाक मारली असती तर मी उठलो असतो का? उठलो असतो. पक्कड घेऊन तार तोडली असती. पण त्यांनी हाक मारली नाही. तारेपाशी येऊन, माझं घर दिसत असताना, त्यांनी हाक मारली नाही, हे माझ्या मनातनं आजवर गेलेलं नाही. ज्या माणसानं वाट मोडली, त्याला हाक काय मारायची, असंच त्यांना वाटलं असणार. अण्णा त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. समोर आले की मान खाली घालून बाजूनं जायचे, जशी माणसं बंद वाटेच्या बाजूनं जातात.

मी वाट उघडायला हवी होती. उघडली नाही. पहिल्यांदा लाज होती, मग लाजेची सवय झाली. बागेला पैसे होत होते, हेही होतं.

२०११ च्या उन्हाळ्यात एक पोरगी सायकल ढकलत माझ्या दारात आली. नववीतली असेल. घामानं डबडबलेली.

"तात्या, पंप हाय का?"

पंप होता. बघितलं तर नुसती हवा नव्हती गेली, काटा होता. मी चाक उलटं करून पंक्चर काढायला बसलो. तिला पाणी दिलं. कुणाची, विचारलं तर अण्णांची नात निघाली. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "वड्याकडनं लई काटं हायती. आजा म्हनतो, पयलं सरळ वाट व्हती हितनं. खरं हाय का?"

मी म्हणालो, "व्हती."

ती हसत म्हणाली, "मी तर वाटंतच जन्मली म्हनं. आय म्हनती, तुला घरी यायचीच घाई नव्हती."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. वाट कुणी मोडली, तार कुणी ठोकली, काही नाही. अण्णांनी पंधरा वर्षं माझं नाव नातीच्या कानावर घातलं नव्हतं. मी तिच्या ट्यूबला ठिगळ लावलं. नीट बसलं नाही म्हणून काढून परत लावलं.

त्याच आठवड्यात मी नकाशा काढायला गेलो. खरं तर नकाशाची गरज नव्हती. वाट कुठनं जात होती ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण थोरल्यानं घरात वाद घातला होता, "गुंठ्याला काय भाव आलाय ठावं हाय का?" त्याच्यापुढं ठेवायला कागद पाहिजे होता. कागद ठेवला. तो गप्प बसला. पुढं टेप धरायला तोच आला.

सव्वाआठ फूट म्हणजे किती, ते मी जमिनीवर मोजलं. डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तर एकमेकींना न घासता जातील, एवढं. बाज घेऊन चार माणसं चालतील, एवढं. सगळ्या रानाच्या मानानं काहीच नाही. वरची आणि खालची तार कापली, दोन ओळी डाळिंब काढलं. इथं मोठेपणा घेऊ नये. तेल्यानं बाग तशीही खालावली होती, त्यातली निम्मी झाडं पुढच्या सालात काढावीच लागणार होती. १९९३ ला वाट सोडली असती तर तो त्याग होता. २०११ ला सोडली, ती नुसती परतफेड, आणि तीही उशिराची.

वाट उघडली, तर पहिले पंधरा दिवस तिच्यावरनं कुणी आलंच नाही. मी सकाळी उठून बघायचो. मोकळी पट्टी तशीच. अठरा वर्षांत पाय दुसरीकडं वळले होते. मग मीच रोज चालायला लागलो. वरच्या तारेच्या जागेपासून खाली रस्त्यापर्यंत, परत वर. लोक हसले असतील. सोळाव्या की सतराव्या दिवशी मी वर पोचलो, तर अण्णा काठी टेकत उभे होते. थकले होते. माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत म्हणाले, "हितं एक दगूड हाय. बाजूला कर." मी केला. ते खाली चालत गेले. एवढंच आमचं बोलणं. पुढं बोललो आम्ही, पाऊसपाण्याचं, बाजाराचं. त्या रात्रीचं कधी नाही. २०१६ ला ते गेले, तेव्हा त्यांना त्याच वाटेनं खाली नेलं. मी पुढं होतो.

आता रविवारी शहरातली मंडळी येतात. वारुगडाला जातात, ताथवड्याचा संतोषगड बघतात, पावसाळ्यात धुमाळवाडीच्या धबधब्याला गर्दी असते. काहीजण हेल्मेट घालून गियरच्या सायकली घेऊन येतात. मला आवडतं. वाटेवर माणूस दिसलं की वाट जिवंत आहे असं समजायचं. ते फोनमध्ये वाट शोधतात आणि सापडली नाही की मला विचारतात. मी सांगतो, आणि सोबत आबांचे दोन नियमही सांगतो. पिकात पाय टाकू नका, आणि आडवा दगड दिसला तर उचला. त्यांना घोडीची वाट दाखवायला मात्र मला वर यावं लागतं आणि गुडघे आता ऐकत नाहीत.

गावोगावी पाणंदी मोकळ्या करायचं काम सरकारनंही काढलं आहे. २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, तिच्यातनं काही पाणंदींवर खडी-मुरूम पडला. चांगलं आहे. पण तहसीलदाराकडं वाटेच्या वादाचे कागद घेऊन बसलेली माणसं बघितली की वाटतं, ह्यातल्या निम्म्यांनी एकमेकाला नुसती हाक मारली असती तर? आणि दुसऱ्या निम्म्यांनी, माझ्यासारख्यांनी, हाक मारावीशी वाटेल असं वागलं असतं तर?

गेल्या दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा आला. आमचे धनगरमामा कधीच गेले, त्यांचा नातू होता. त्याला ह्या वाटेचं कुणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. मेंढरं वरनं एका ओळीनं खाली उतरली, मागं दोन घोड्या. दुसरीच्या पाठीवर जाळीखाली दोन कोकरं आणि एक लहान पोर. माझा नातू सायकल घेऊन वाटेत उभा होता, तो बाजूला झाला, कुंपणाला टेकून. घोडी त्याच्या अंगावरनं गेली, कान पुढं ठेवून, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आजा, तिला कसं ठावं हितनं वाट हाय ते?"

मी म्हणालो, "तिच्या आयनं दावली आसंल." पण तिच्या आईच्या वेळी तिथं माझी तार होती, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. वाड्याच्या मागं वाटेवर बरंच शेण-लेंडी पडली होती. आम्ही दोघांनी ती पाटीत भरली आणि उरलेल्या डाळिंबांच्या बुडात टाकली.